आलेखातून गळलेला म्यू

मंडळी, आज आमच्या डिचोलीकडच्या गावात ग्रामसभा होती. रविवार, त्यामुळे सभागृह भरलेलं. खाणीजवळच्या विहिरींचं पाणी मी एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी तपासलं होतं. त्यात मँगनीज पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेबाहेर आहे, लहान मुलांना ते बाधतं, एवढंच आलेख दाखवून सांगायचं होतं.

पंचायतीच्या कॉम्प्युटरवर फाइल उघडली आणि बघते तर काय, मायक्रोग्रॅममधला ग्रीक म्यू गायब! लिटरमागे पाचशे मायक्रोग्रॅमचे उरले नुसते पाचशे ग्रॅम. गणिती चिन्हांचा फॉन्ट माझ्या लॅपटॉपमध्ये होता, पण एक्स्पोर्ट करताना तो फाइलमध्ये गेलाच नव्हता. आणि मी शहाणी, फाइल तपासली तीही माझ्याच लॅपटॉपवर.

शेजारचे बाबलोकाका उठले. त्यांचे ट्रक खाणीवर चालतात. म्हणाले, "गो बाय, लिटरभर उदकात अर्धो किलो मँगनीज? मागीर बांयतच खाण सुरू करूया!"

विहिरीतच खाण काढायची, या कल्पनेवर सगळं सभागृह हसलं. मी चिन्हाचं समजावत राहिले, तोवर सरपंचांनी पुढचा विषय घेतला.

घरी येऊन फॉन्ट फाइलमध्ये बसवला. एका क्लिकचं काम होतं. सुधारलेला आलेख गावच्या ग्रुपवर टाकला, तर उत्तरादाखल नुसते हसरे चेहरे.

संध्याकाळी बाबलोकाकांच्या विहिरीवर काकी पाणी काढत होती. मला बघून हसली. "ह्या कळशीत किती किलो मँगनीज गो?" आणि तीच कळशी घेऊन नातवाची पेज ठेवायला आत गेली.

सगळ्यात वाईट आकडा त्याच विहिरीचा आहे. आता तो मी कोणत्या तोंडानं सांगू?