गदा नसलेला कोपरा

मीनूचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या वाचनालयात परत आलेली पुस्तकं कपाटात लावत होतो. सकाळचे साडेदहा वाजले असतील. "मामा, जल्दी या. पापा आखाड्यात बसलेत ते उठतच नाहीयेत," एवढंच ती म्हणाली. बसलेत, असं म्हणाली... करोल बागेहून फरीदाबादला पोहोचेपर्यंत मी मेट्रोत त्या एका शब्दाला धरून होतो. बसलेला माणूस उठू शकतो. पण हणमंत भावोजी उठले नाहीत. आखाड्याची माती फावड्यानं खालीवर करून झाल्यावर ते कट्ट्यावर टेकले, फावडं गुडघ्यांत धरलं आणि तसेच गेले. मी पोहोचलो तेव्हा माझी थोरली बहीण, सुमनताई, ते मातीचं फावडं पदरानं पुसत दारात उभी होती. मला बघून म्हणाली, "आलास? काही खाल्लंयस का?" मग रडली.

याला आता दीड महिना झाला. रोज संध्याकाळी चार ओळी लिहितो, त्यातल्या दोन खोडतो. भावोजींना माझा हा संथपणा ठाऊक होता. "मास्तर," ते म्हणायचे, "तुझं एक पान होईस्तोवर माझ्या हजार बैठका होतात." मी मास्तर कधीच नव्हतो. एम. ए. करायला दिल्लीला आलो आणि छावणीतल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये राहिलो, तेव्हा जाड भिंगांचा चष्मा आणि हातातलं पुस्तक बघून त्यांनी हे नाव ठेवलं. ते साताऱ्याकडच्या एका खेड्यातून फौजेत आलेले, हवालदार, पलटणीकडून कुस्ती खेळणारे. पहाटे व्यायाम करून आले की दगडावर बदाम उगाळायला बसायचे. मी समोर पेपर घेऊन. "वाच, कुणी कुणाला पाडलं," असं म्हणायचे आणि मी खेळाचं पान मोठ्यानं वाचायचो. इंग्रजी पेपर असला तर वाचता वाचता मराठी करून सांगायचो. उगाळून उरलेला अर्धा बदाम ही माझी बक्षिसी. त्या घरात वाचणं हे माझं काम आणि ऐकणं हे त्यांचं, असा एक ठराव आपोआप होऊन गेला होता. पुढे जे घडलं त्याच्या मुळाशी हा ठराव आहे, म्हणून सांगतो.

फौजेतून निवृत्त झाल्यावर ते गावी परतले नाहीत. फरीदाबादमध्ये कारखान्यांच्या मागच्या बाजूला एका वस्तादांचा आखाडा होता, तिथे राहून ते बक्षिसाच्या कुस्त्या खेळू लागले. आता कुस्ती हाच पेशा. इकडे अशा मैदानाला दंगल म्हणतात. हजारोंची गर्दी, ढोल, जिंकणाऱ्याला पगडी आणि गदा. पस्तिशी ओलांडलेले भावोजी तिथे बावीस-तेवीस वर्षांच्या पोरांसमोर उभे राहत आणि हरत. लोक त्यांना 'मराठा पहलवान' म्हणत, हरल्यावर जरा जास्तच मोठ्यानं.

एका हिवाळ्यात मी सुट्टीच्या दिवशी त्यांच्याकडे गेलो होतो. ताई भाजी आणायला गेली होती. भावोजींनी कपाटातून एक पुठ्ठ्याची डबी काढली. आत काचेच्या छोट्या कुप्या आणि घडी केलेला बारीक अक्षरांचा कागद. "वस्तादांनी दिलंय. ताकदीची सुई म्हणतात. हे वाच की जरा." मी वाचलं. नेहमीसारखं, मराठी करत करत. आजारपणात खंगलेल्या माणसांसाठीचं औषध आहे. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावं. हृदयाला धोका, यकृताला धोका, स्वभावात फरक पडतो... सगळा कागद वाचला, एक ओळ गाळली नाही. ते मान खाली घालून ऐकत होते. मग त्यांनी तो कागद त्याच्याच घड्यांवर पुन्हा मिटला आणि म्हणाले, "झालं? चल, चहा टाकतो." मी चहा घेतला. घेऊ नका, असं मी म्हणालो नाही. आमच्यात माझं काम वाचण्याचं होतं, आणि ते मी केलं होतं.

चार महिन्यांत त्यांची मान खांद्यांत बुडाली. पाठीवर लाल फोड आले. मीठ कमी पडलं म्हणून ताट भिरकावणारा माणूस ताईनं पहिल्यांदाच पाहिला. मला म्हणाली, "यांना काय झालंय रे?" मी म्हणालो, "खुराक वाढलाय." त्या वसंतात हरियाणातल्या एका मोठ्या दंगलीत त्यांची गाठ धरमवीरशी पडली. पानिपतजवळच्या गावचा हा पोरगा दोन वर्षं कुणाला हरला नव्हता. भावोजींनी त्याला कमरेला धरून उचलला आणि असा आपटला की त्याचा खांदा निखळला. चितपट. लोकांनी भावोजींना खांद्यावर घेऊन मैदानाला फेरी मारली, हातात चांदीचा पत्रा चढवलेली गदा. मीही टाळ्या वाजवल्या; हात लाल होईपर्यंत वाजवल्या. ती गदा घरात पुढच्या खोलीच्या कोपऱ्यात उभी राहिली, गोळा खाली, दांडा भिंतीला, आणि पडू नये म्हणून दोन खिळ्यांना सुतळीनं बांधलेली. धरमवीर त्यानंतर कुस्ती खेळला नाही, हे आम्हाला पुढे कळलं.

वर्षं गेली. वस्ताद वारले, आखाडा भावोजींकडे आला. कारखान्यांतल्या कामगारांची मुलं त्यांच्याकडे शिकू लागली. आठेक वर्षांपूर्वी जिना चढताना त्यांना धाप लागू लागली म्हणून ताई आणि मी त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेलो. डॉक्टरांनी तपासण्या पाहिल्या, हृदय मोठं झालंय म्हणाले, आणि विचारलं, "पहलवान जी, कभी इंजेक्शन लिए थे?" मी जमिनीकडे बघितलं. भावोजी म्हणाले, "जी, लिए थे. तीन साल." डॉक्टर उसासा टाकून म्हणाले, "आप लोगों को ये उस्ताद लोग बर्बाद कर देते हैं. किसने दिए थे?" भावोजी म्हणाले, "मैंने लिए थे, साहब."

बाहेर रिक्षाची वाट बघताना ताईचा बांध फुटला. इतक्या वर्षांनी तिला आज कळत होतं. "वस्तादांचं नाव घ्यायला काय झालं होतं? तो माणूस मेला, तरी त्याला झाकताय? त्यानं फसवलं तुम्हाला!"

"फसवलं नाही गं. त्यानं सुई पुढे केली, मी हात पुढे केला."

"तुम्हाला काय ठाऊक होतं त्यात काय आहे ते? व्हिटॅमिन म्हणून देतात हे लोक. सगळे तसंच सांगतात."

"मला ठाऊक होतं," भावोजी म्हणाले. "मास्तरनं वाचून दाखवलं होतं."

ताईनं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेबद्दल मी इथे काही लिहीत नाही. रिक्षात बसल्यावर मी पुटपुटलो, की भावोजी, मी तेव्हा अडवायला हवं होतं. ते एकदम चिडले. त्यांच्या चिडण्याची मला सवय उरली नव्हती. "तू कशाला मध्ये येतोस? तू वाचलंस, ते बरं केलंस. तुझ्यामुळे मला खोटं बोलायची सोय राहिली नाही. एवढं एक तरी माझ्याकडे राहू दे."

पुढच्या रविवारी त्यांनी सुतळी सोडली, गदा जुन्या चादरीत गुंडाळली आणि मला म्हणाले, "चल, पानिपत." कशाला, ते मला विचारावं लागलं नाही. मेट्रोत गदा नेऊ देईनात, म्हणून बस. कंडक्टरनं चादर जरा उचलून पाहिली. "ताऊ, नाम के सै तेरा?" "हनुमंत." "फेर तो तेरी टिकट माफ, गदा की लागैगी." सगळी बस हसली, भावोजी सगळ्यांत जास्त. मी मात्र घाबरलो होतो. म्हणालो, तो माणूस हाकलून देईल. ते म्हणाले, "देऊ दे. पानिपतावर जाऊन हरलेले आपण काय पहिले आहोत?"

धरमवीर एका कंबलच्या गोदामात देखरेखीचं काम करत होता. एक खांदा किंचित खाली, केस पांढरे. भावोजींना त्यानं लगेच ओळखलं. भावोजींनी चादर सोडली, गदा जमिनीवर ठेवली आणि उभ्यानंच सांगितलं. सुई घेऊन उतरलो होतो. ही तुझी आहे. त्यांचं हिंदी फौजी, मोजकं. सगळं चार वाक्यांत संपलं. गोदामातले कामगार हातातलं काम थांबवून बघत होते.

धरमवीरनं आधी गदेकडे पाहिलं. मग म्हणाला, "मेरी हार तो चैन से सोई पड़ी थी, मराठे. तू जगाने आ गया?"

"हाँ."

"किसी ने पूछा था तुझसे?"

"नहीं."

"तो मुझे क्यों बता रहा है? अपना बोझ उतारने?"

भावोजी म्हणाले, "नहीं भाई. बोझ तो मेरे पास ही रहेगा. तेरी चीज़ तेरे पास रहे, बस."

धरमवीरनं गदा उचलली नाही. "रख दे वहाँ," म्हणून कंबलांच्या एका थप्पीकडे मान हलवली आणि हिशेबाच्या वहीत डोकं घातलं. मिठी नाही, चहा नाही. आम्ही बाहेर पडलो. हायवेवर उन्हात उभं राहून बसची वाट बघताना भावोजींची धाप मला ऐकू येत होती. गदा नेताना लागली होती त्याहून ती कमी नव्हती. पण त्यांचे हात मोकळे होते आणि ते दोन्ही हात खिशात घालून शीळ घालत होते. मी त्यांना दंगलीत खांद्यांवर बसलेलं पाहिलं आहे. ते मला सगळ्यांत उंच दिसले ते मात्र त्या बसथांब्यावर.

परत आल्यावर त्यांनी कपाटाच्या तळातून तो औषधाचा कागद काढला. इतकी वर्षं जपून ठेवला होता! मला म्हणाले, याचं हिंदी करून दे, मोठ्या अक्षरात. मी करून दिलं. तेव्हापासून आखाड्यात एक रीत पडली. नवा मुलगा आला की पहिल्या दिवशी त्याला माती नाही. त्यानं सगळ्यांसमोर उभं राहून तो कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचायचा. अडखळला तर पुन्हा पहिल्यापासून. मग भावोजी सांगायचे, "मैंने ये सुनकर भी सुई ली थी. उसके बाद जो जीता, वो लौटा के आया हूँ. अब तूने भी पढ़ लिया. कल को लेनी है तो ले, पर ये मत कहना कि किसी ने लगा दी." काही बापांनी मुलं काढून नेली. ज्याला आपला मुलगा झटपट मोठा व्हायला हवा, त्याला असला वस्ताद कशाला? एकदा तर आखाड्यात सहाच मुलं उरली होती. मी म्हणालो, भावोजी, तुमचं स्वतःचं तेवढं गाळा, कागद पुरे. ते म्हणाले, "मास्तर, तू त्या दिवशी एक तरी ओळ गाळली होतीस का?"

तेराव्याला घरात माणसं मावत नव्हती. आखाड्याच्या मुलांनी भावोजींचा मोठा फोटो छापून आणला होता, नेमका गदा खांद्यावर घेतलेला. मीनूनं तो पाहिला आणि म्हणाली, "मामा, हा नको. पापांना आवडला नसता." आम्ही तो उतरवून फावडं घेतलेला, मातीत माखलेला फोटो लावला. दुपारी दारात धरमवीर उभा राहिला. बरोबर कुणी नाही, खांद्यावर कंबलमध्ये गुंडाळलेली गदा. तो ताईसमोर बसला, गदा तिच्या पायांशी ठेवली.

"भाभी, आठ साल मैंने इसको हाथ नहीं लगाया. फिर सुना कि वो गया... तो साफ की. ये उसी की है. मैं मन से दे रहा हूँ."

मला खरं सांगायचं तर त्या क्षणी वाटलं, घ्यावी. प्रतिस्पर्ध्यानं स्वतः येऊन द्यावी, याहून मोठा मान कुठला? मीनूच्या डोळ्यांतही तेच होतं. आखाड्याची मुलं तर पुढे सरकलीसुद्धा. ताईनं गदेवरून एकदा हात फिरवला. तिचं हिंदी इतक्या वर्षांनीही मराठी वळणाचंच आहे.

"भाईसाब, आप आए, बहुत अच्छा लगा. जेवून जाइए. पर ये वापस लेके जाओ." धरमवीर काही बोलू लागला तशी ती म्हणाली, "हमारे घर में ये नहीं है, वो ही तो उनका है. आप ये छोड़के गए तो उनका क्या रहेगा?"

धरमवीरनं मान खाली घातली. त्यानं हात जोडले आणि तो आखाड्याच्या मुलांबरोबर पंगतीला बसला. जाताना त्यानं गदा उचलली, कंबल मात्र ताईसाठी ठेवून गेला. ते तिनं घेतलं.

काल मी तिच्याकडे गेलो होतो. मीनू म्हणत होती की पुढच्या खोलीत जागा कमी पडते, त्या कोपऱ्यात चपलांचं कपाट बसेल. ताईनं ऐकून घेतलं आणि झाडू घेऊन तो कोपरा झाडायला बसली. भिंतीवर दोन खिळे अजून आहेत. फरशीवर गदेच्या गोळ्याचा गोल डाग आहे, कितीही पुसला तरी न जाणारा. कोपरा तिनं ओल्या फडक्यानं पुसला, कोरडा केला, आणि रोज करते तसा मोकळा ठेवला.