साधं का भारी

आमच्या मेहकरच्या मायाप्पाकडं बघून कुणी म्हणलं नसतं की ह्या माणसाला दुसऱ्याच्या मनातलं वाचता येतंय. बारीक डोळे, विरळ मिशी, बोलणं मोजकं. बापाची दीडशे मेंढरं होती, ती रोगानं अन् वाटण्यांनी संपली. सातवीत शाळा सुटली. पुढं पुण्याला सात वर्षं सेंट्रिंगच्या कामावर होता. तिथं फळीवरनं पडून पाय मोडला अन् लंगडत गावाला आला. तेवढ्यात भालकीच्या रस्त्याला शिवशंकरप्पा सावकारांचा नवा पेट्रोल पंप झालेला. दोन हजार चार साल असंल. लंगड्याला दिवसभर उभं राहायला जमंल का, म्हणून सावकार कुरकुरत होते. वर्षभरात तेच दुसऱ्या पोरांना सांगायला लागले, "मायाप्पाकडनं शिका जरा."

शिकायचं ते हे. त्या दिवसांत पेट्रोल दोन जातींचं यायला लागलं होतं. एक साधं. दुसरं लिटरमागं तीन रुपयांनी महाग. त्याला इंग्रजी नाव होतं, पण पंपावर सगळे त्याला 'भारी'च म्हणायचे. भारी खपलं की सावकार खूश. पण आमच्याकडं ते घेणार कोण? एका मोटारसायकलवर तिघं येणार अन् वीसचं टाक म्हणणार. पंपामागच्या गॅरेजवाल्यानं मायाप्पाला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, "हिकडल्या जुन्या गाड्यांना त्याचा काय बी उपेग न्हाई बघ. मारुतीत घातलं तर बी ती तेवढंच पळतीय."

मायाप्पानं ते ऐकलं, अन् तरी भारी खपवलं.

एकट्या माणसाच्या वाटंला तो जात नसे. एकट्याला कशाची लाज? पण गाडीत मागं सासरा बसलेला असला, नवी बायको असली, की मायाप्पा खिडकीशी वाकायचा अन् मागच्या सीटला ऐकू जाईल असं विचारायचा, "साधंच घालू ना, अण्णा?" विचारून चालवणाऱ्याकडं बघायचा नाही, मागं बघत राहायचा. मग चालवणारा खाकरायचा. "न्हाई न्हाई, भारी घाल." दहांतले सात असे खाकरायचे. एक नवा जावई तर रागानं म्हणला होता, "मामांना साध्यावर न्यायलोय व्हय मी?"

एक मात्र होतं. मेहकरच्या माणसाला त्यानं कधी असं विचारलं नव्हतं. गावचा माणूस आला की न बोलता साधं घालायचा.

नागेश मास्तर मायाप्पाच्या वर्गातला. बाक वेगळं, पण वर्ग एक. नागेशची आई सुभद्राबाई अन् मायाप्पाची आई म्हाळसाबाई रानात शेजारशेजारच्या ओळीनं, पातीला पात लावून खुरपायच्या. नागेश शिकला, मास्तर झाला, अन् दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात बिदरहून जुनी मारुती घेऊन आला. मेहकरातली पहिली कार बौद्ध वस्तीत उभी राहिली. पारावरच्या लोकांनी तोंडं वाकडी केली. "भंगारात घावली का मास्तर?" म्हणून एकानं विचारलं बी. पण सगळं गाव गाडी बघून आलं तरी मायाप्पा गेला नाही.

पंधरा दिवसांनी रविवारी सकाळी तीच गाडी पंपावर आली. पुढं नागेश, इस्त्रीचा शर्ट घातलेला. मागं सुभद्राबाई अन् नागेशचे मामा-मामी. नागेशची बहीण पंचशीला, तिच्यासाठी निर्णं गावचं स्थळ आलं होतं. पोराचं घर बघायला निघाले होते.

"मायाप्पा, म्हाळसाला सांग बाबा," सुभद्राबाई खिडकीतनं ओरडली, "सुभद्रा कारमंदी बसून सोयरिक करायला गेली म्हणून! पासष्ट वर्सं पायानं फिरले, आज पाय उगंच लोंबकळायलेत."

नागेशच्या मुठीत नोटा घडी करून तयार होत्या. हळूच म्हणला, "दीडशेचं घाल."

न बोलता साधं घालायचं होतं. तेवढंच होतं. पण मायाप्पा वाकला.

"साधंच घालू ना, मास्तर?"

मामांनी मान पुढं काढली. "आन् दुसरं कोणतं आस्तंय?"

"भारी बी हाय मामा. मोठे लोकं तेच घालत्यात."

नागेशनं मायाप्पाकडं बघितलं. वर्गात बघायचा तसं, सरळ. मग म्हणला, "भारी घाल."

गाडी गेली. दुपारपर्यंत मायाप्पा खुशीत होता. चहावाल्याशी दोन गोष्टी जास्तीच्या बोलला.

दिवस कलताना गाडी परत आली. सुभद्राबाई दार उघडून खालीच उतरली. पांढऱ्या लुगड्याचा काठ काळा झालेला, दोन्ही तळहात काळे. अन् हसून हसून तिला बोलता येईना.

"आरं मायाप्पा, तुझ्या भारी पेट्रोलानं घात केला की! निर्णं तीन किलोमीटर ऱ्हायलं आन् गाडी गप. मामाच्या पाठीत उसण. नागेश आत, आन् मी आन् भावजय मागनं ढकलायलाव. गाडीत बसायची हौस केले, तर गाडीच माझ्या बोकांडी बसली!"

"मग?" मायाप्पानं विचारलं.

"मग काय, तसंच पोचलाव. पोराकडली माणसं वाटंवर उभी, बघायलेत. शेवटी पोराचा बाप आला आन् खांदा लावला. म्हणला, विहीण येवढी दणकट हाय, आता आणि काय बघायचं! झाली सोयरिक."

मामी हसली, पंपावरची पोरं हसली. नागेश हसला नाही. टपावर हात ठेवून उभा होता.

"हिशोब करून दीडशे म्हणलो होतो," तो म्हणला. "तेवढ्या पैशांत साधं जास्त आलं असतं. पोचलो असतो. होणाऱ्या मेव्हण्यानं तिथल्या मोटारसायकलीतनं काढून दिलं, म्हणून माघारी आलो." अन् मग मोठ्यानं, तीन गाड्यांवरची माणसं वळून बघतील एवढ्या मोठ्यानं म्हणला, "साधं घाल. पन्नासचं."

मायाप्पानं साधं घातलं. नळी परत अडकवताना दोनदा चुकला.

त्यानंतर त्याच्या तोंडून तो सवाल निघंना झाला. गाडी यायची, मागं पाव्हणे असायचे, मायाप्पा वाकायचा अन् तसाच उठायचा. भारीचा खप उतरला. सावकार चिडले. "जीभ गिळलास काय बे?" महिन्याच्या आत त्यांनी त्याला हवा भरायला बसवलं. त्याचं त्याला काही वाटलं नाही. वाटायचं ते घरी. सुभद्राबाई ती गोष्ट रानात सांगायची, ढकलायची सोंगं करून. म्हाळसाबाई ती ऐकून यायची अन् चुलीपुढं पुन्हा करून दाखवायची, हात पुढं करून, कंबरेत वाकून, खो खो हसत. मायाप्पा ताटावरनं उठायचा.

शेवटी एका संध्याकाळी तो वस्तीत गेला. नागेश अंगणात वह्या तपासत बसलेला.

"नागेश, त्या दिशी मी मुद्दाम—"

"म्हाईत हाय मला," नागेश वही न मिटता म्हणला. "तू वाकलास तवाच कळालं. पण मागं मामा होते, आन् मी भारी म्हणलो. माझी लाज माझ्यापाशी. मला कामून सांगायलास? गाडी मायनं ढकलली. तिला सांग."

सुभद्राबाई उंबऱ्याजवळ सुपात तूर पाखडत होती. "ये की लेकरा! म्हाळसा बरी हाय न्हवं?"

मायाप्पा उभ्यानंच बोलला. "मावशी, तुमच्या गाडीला त्या पेट्रोलाची गरज नव्हती. मला म्हाईत व्हतं. गावात पहिली गाडी तुमच्या दारात आली, मला बघवलं न्हाई. म्हणून सगळ्यांदेखत इचारलो."

सूप थांबलं.

"ठरवून?"

"व्हय."

सुभद्राबाईनं सुपातला एक खडा वेचला, टाकला. मग दुसरा.

"बरं," ती म्हणली. "च्या पिऊन जा."

चहा आला. मायाप्पा तो पिऊन आला. गोड होता का नाही, सांगता आलं नसतं त्याला.

त्या दिवसापासनं सुभद्राबाईनं ती गोष्ट सांगायची सोडली. बाया म्हणायच्या, "ते गाडीचं सांगा की ओ," तर ती म्हणायची, "पात पुढं घ्या." गावाला नवल वाटलं, मग गाव विसरलं. म्हाळसाबाई मात्र विसरली नाही. एकदा जेवायला वाढताना म्हणली, "सुभद्राला काय झालंय की. मी ढकलायचं सोंग केले तर तोंड फिरवून गेली. तू गेल्तास न्हवं तिच्याकडं? तुला काय म्हाईत हाय का रे?"

"न्हाई," मायाप्पा म्हणला, अन् खाली मान घालून भाकरी मोडायला लागला.