वयनीच्या टेपवर न वाजलेलं नाव

सन १९९४. माझं वय तेव्हा बावन्न. शाळा चौथीपर्यंत, तीही पुरी नाही. पण पेणच्या खाडीकडल्या गावांत लग्नाला कर्णा बांधायचा तर माणसं मलाच बोलवायची. भुताखेतांवर माझा विश्वास तेव्हा नव्हता, आजही नाही. मिठागरावर राखणीला एकटा झोपलेला माणूस आहे मी. खाडीत दिवे दिसतात ते मासे धरणाऱ्यांचे असतात, दुसऱ्या कुणाचे नाहीत. तरी हे लिहितोय, कारण माझ्या कामातली एक गोष्ट मला अजून सुटलेली नाही.

माझा थोरला भाऊ नारायणदादा रोह्याला कंपनीत होता. एक दिवस पहिल्या शिफ्टला म्हणून निघाला... कंपनीत पोचलाच नाही, घरीही आला नाही. शोधून शोधून थकलो सगळे. बरीच वर्षं गेली. त्याची बायको, आमची वयनी, मात्र कुंकू लावत राहिली. मग त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं, रोह्यातच.

आमच्यात लग्नाला धवलारीण लागते. ती गाण्यातून आधी देवांना आवतण देते, मग घरातल्या गेलेल्या माणसांना — एकेकाचं नाव घेऊन. आमची थोरली बहीण आक्का, पेणला माझ्याकडेच असते, ती स्वतःच धवलारीण. पण दम्यामुळे तिला ओटासुद्धा उतरवत नव्हता. म्हणून मी म्हटलं, घरीच रेकॉर्ड करू.

आक्का गायली, मागून गल्लीतल्या बायका गायल्या. आणि गेलेल्या माणसांत तिनं दादाचं नाव घेतलं.

"आक्का, ते कशाला?"

"मग कुठं घेऊ? जिवंत हाय तर आण धरून. आवतण नाय म्हणून पोरीच्या मांडवाभायेर बाप तिष्ठत ऱ्हावा का?"

वयनीला सांगायला रोह्याला मलाच जावं लागलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे माझं कुंकू गेलं," ती म्हणाली. "कर्ण्यावर, सगळ्या लोकांत पहिल्यांदा नका ऐकवू, भावजी. आधी घरात माझ्या टेपवर लावा. ऐकलं की मी माझ्या हातानं पुसते."

आता कॅसेटचं सांगतो. एका ठिकाणी गोड वाजली म्हणजे दुसरीकडे वाजेलच असं नाही. कर्ण्याला बेस झेपत नाही, तो नुसता किंचाळतो. बॉक्सला बेस जास्त झाला की घुमतो. छोट्या टेपवर जाड आवाज मरतो, आणि आक्काचा आवाज जाड. दोन डेकांच्या मधे मिक्सर लावून मी बेस काढ, ट्रेबल घाल करत कॉपीवर कॉपी मारली. ओट्यावर कर्णा, आत बॉक्स, रोह्याच्या वाटेवर खांब गावात टेम्पोवाल्याचा टेप... सगळीकडे नाव न् नाव स्वच्छ.

वयनीचा टेप दादानंच घेतलेला. रोह्याला पोचलो, त्यात कॅसेट घातली. गणपती आला, गावदेवी आली, लक्ष्मीनारायण आला. मग बाबा, आई, काका... आणि पुढं काहीच नाही. नुसता फीत सरकल्याचा आवाज, तेवढ्या जागेपुरता. मग बायकांनी उचललेली पुढची ओळ.

"आलं का हो?" वयनीनं विचारलं. पदराचं टोक तिच्या हातात होतं.

मला वाटलं मिक्सिंग चुकलं. हेड स्पिरिटनं पुसलं. तीच कॅसेट शेजारणीच्या टेपवर लावली, नाव आलं. परत इकडे लावली, नाही. एसटीनं पेणला गेलो, तेवढ्या जागी आवाज चढवून नवी कॉपी केली, परत आलो. नाही. पुन्हा पेण. आक्का खाटेवरून म्हणाली, "तुला यंत्र येत नाय, सांग की सरळ. उगा गावभर ऐट मारतोस."

शेवटी माझा बॉक्स आणि मशीन रोह्याला आणलं आणि टेप उघडला. त्याचा स्पीकर काढून माझा बॉक्स जोडला — नाही. त्याचा स्पीकर माझ्या मशीनला जोडला — नाव आलं. जाड आवाजामुळे गेलं म्हणावं, तर देवांच्या ओळीतला नारायण कसा वाजतो? तोच गळा, तेच नाव. पुढं मी रेडिओ दुरुस्तीवाल्यांना विचारलं, कंपनीतल्या वायरमनला विचारलं. एक म्हणाला, तुम्ही दमलेले असाल. दमलो होतोच. पण शेजारीण माझ्याबरोबर बसून ऐकत होती, ती कुठं दमली होती? तिलाही ऐकू आलं नाही. आजपर्यंत मला कुणी ह्याचं उत्तर दिलेलं नाही.

"पुरे झालं भावजी, चहा घ्या," वयनी म्हणाली. मग हळूच, "कर्ण्यावर वाजेलच ना पण?"

"वाजेल."

उठून तिनं भांडी घासायला घेतली, घासलेलीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेणला घरी आलो. मूळ कॅसेट, लग्नात कर्ण्यावर लावायची ती, डेकात घातली, काकांचं नाव संपलं तिथं थांबवली. माईकची पिन काढली आणि रेकॉर्डचं बटण दाबून धरलं, दादाच्या नावापुरतं. तेवढी फीत कोरी झाली. मग ती कर्ण्यावर लावली. बाबा, आई, काका... फितीचा आवाज... बायका.

आतून आक्का ओरडली, "नाव खाल्लंन की रे तुझ्या कर्ण्यानं!"

"व्हय," मी म्हटलं, "माझं मिक्सिंग चुकलं."