ओटीतली सरकी

परदेशी कंपनी आपल्याकडे पैशाच्या जोरावर चालते, असं मी चौसाळ्यात चहाच्या टपरीवर छाती ठोकून सांगायचो. मला माहीत असणारच, अशाच एका कंपनीचं टोकण यंत्र मी विकत होतो. विकत होतो म्हणजे दुकानात मांडलं होतं. उभ्याउभ्या जमिनीत बी सोडायचं, काठीएवढं लांब अवजार. शेतकरी यायचे, हातात घेऊन खटखट वाजवायचे, "लई भारी हाय" म्हणायचे आणि "बघू" म्हणून निघून जायचे. आमच्याकडं "बघू" म्हणजे नाही. मी मात्र कंपनीला दर महिन्याला कळवायचो, लोक बघतो म्हणालेत.

दोन हंगाम असेच गेले. तिसऱ्या वर्षी मे महिन्यात निरोप आला, परदेशातून मोठ्या बाई येणार आणि माझी एजन्सी ठेवायची की बंद करायची ते ठरवणार. एजन्सी गेली की दुकानाचं शटर कायमचं खाली, इतका साधा हिशोब होता. मला वाटलं, उंटावरून शेळ्या हाकणारं कोणीतरी असेल. शाल-नारळावर निभावून नेऊ.

बाई साठीच्या होत्या, उन्हानं लालबुंद झालेल्या. दुभाषी म्हणून पुण्याचे एक अधिकारी सोबत होते. बाईंनी शाल नीट घडी करून गाडीत ठेवली आणि विचारलं, "इथं सरकी लावतं कोण?"

"शेतकरी," मी म्हणालो.

"म्हणजे कोण? स्वतःच्या हातानं?"

हातानं तर बायकाच लावतात. त्या दिवशीसुद्धा माझी बायको आमच्या रानात ठिबकावर सरकी लावत होती. आणि मी यंत्र दाखवत फिरलो होतो ते सगळ्या गडीमाणसांना, ज्यांनी सरकीसाठी कधी कंबर वाकवली नव्हती.

रानात गेलो. बायकोनं पदर खोचून ओटी केली होती, ओटीत सरकी होती. घरचं यंत्र असून हातानं का लावता, असं बाईंनी विचारलं. ती माझ्याकडं बघून पुढची सरकी लावू लागली. तेव्हा बाई तिच्याशेजारी सरीतच बसल्या. मग ती बोलली.

"त्याला पत्र्याचा डबा हाय. आमी लेकीची ओटी भरतो, तशी रानाची भरतो. डब्यातून कावून लावावं?"

मी कपाळावर हात मारला. "अगं, त्यांना काय सांगतीस!"

दुभाषी हसले. बाई हसल्या नाहीत. ओटी कशी करतात, ते त्यांनी बायकोला पुन्हा करून दाखवायला लावलं. मग गळ्यातला रुमाल सोडून स्वतःच्या कमरेला बांधला, त्यात सरकी घेतली आणि भर उन्हात वाकून दोन सऱ्या लावल्या. मी लिंबाच्या सावलीत उभा होतो. आपल्याच मालाची खोट ऐकायला एवढ्या लांबून आलेलं माणूस मी पहिल्यांदा बघत होतो. खरं सांगतो, अंगावर काटा आला.

पुढच्या लावणीआधी नवं यंत्र आलं. डबा गेला होता. कमरेला बांधायची कापडी ओटी, तिच्यातून हातानं बी काढायचं आणि नळीत सोडायचं, बस्स. चकलांब्याच्या, तेलगावच्या बायका यंत्र मागत थेट दुकानात येऊ लागल्या. मी थक्क होऊन बघत राहिलो.

एजन्सी राहिली. करार मात्र नवा आला आणि त्यावर नाव बायकोचं होतं. मला मिरच्या झोंबल्या, हे कबूल करतो.

सही करता करता ती थांबली. "तुमची हरकत न्हाई ना?"

वीस वर्षं ती माझ्या रानात सरकी लावत होती. तिच्याच कामाचं यंत्र घेऊन मी दोन हंगाम गावोगाव हिंडलो होतो, आणि तिला मी एकदाही काही विचारलं नव्हतं.