कोरड्या विहिरीतून आलेली हजेरी

अशा गोष्टी सांगणाऱ्यांची मी आजवर टिंगलच केली आहे, हे आधीच कबूल करते. आम्ही बौद्ध. भूतप्रेत, अंगात येणं, यातलं काही बाबांनी घरात शिरूच दिलं नाही. त्यात मी आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. मीटर दाखवेल ते खरं, बाकी सगळ्या थापा — असा माझा खाक्या. तरी लिहितेय, कारण त्या सकाळी ते अकरा जणांनी ऐकलंय.

मी वर्ध्याला लागून असलेल्या पिपरी मेघेला राहते आणि हौशी रेडिओवाली आहे... हॅम. आम्ही मंडळींनी मिळून टेकडीवर एक रिपीटर बसवलाय. छोट्या हँडसेटचा आवाज तो झेलतो आणि जोरात पुढे फेकतो, म्हणून आष्टीचा माणूस वर्ध्यात ऐकू येतो. रोज सकाळी सातला आमची हजेरी असते, ती मी घेते.

रिपीटरमध्ये स्क्वेल्च नावाचं सर्किट असतं. कुणी बोलत नसलं की रेडिओवर नुसती खरखर येते. स्क्वेल्च ती अडवून धरतं आणि खरा सिग्नल आला की दार उघडतं. नॉब घट्ट केला की खरखर बंद होते, पण बारीक सिग्नलही बाहेरच राहतो. मंडळी खरखरीला वैतागली, म्हणून मीच टेकडीवर चढून नॉब चांगला घट्ट केला.

त्यात वानखडे काका अडकले. आष्टीला त्यांची संत्र्याची बाग आहे, वय सत्तरच्या पुढे, गळ्यात जुनाट हँडसेट. त्यांचा आवाज येईनासा झाला. मग फोन आला.

"पोरी, मी रोज हजेरी देऊन राह्यलो अन् तू मले गैरहजर मांडून राह्यली. काऊन?"

"काका, सेट बदला. म्हातारा झालाय तो."

"म्हातारा त मीबी झालो. मलेबी बदलून टाकशीन काय?"

मी हसण्यावारी नेलं. तीन आठवडे त्यांच्या नावापुढे गैरहजर लिहीत गेले आणि मला काही वाटलंही नाही. आता स्वतःचाच राग येतो.

त्या दिवशी सवयीने नाव घेतलं — "वानखडे काका?" — आणि पुढच्या नावाकडे वळणार, तेवढ्यात...

"हाजर. पोरी, मी बागेतल्या कोरड्या विहिरीत पडलो. कालपासून पडून हाओ. पाय मोडला. बुढी नागपूरले गेली, घरी कोणी नाई."

बारीक सिग्नल कितीही नशिबाने आला तरी खरखर घेऊनच येतो. यात खरखरीचा कण नव्हता. बोलणं संपल्यावर स्क्वेल्च बंद होताना 'खश्श' होतं, तेही झालं नाही.

आष्टीचे दिनकरभाऊ हजेरीवर होतेच. "निघालो, ताई," एवढंच म्हणाले. गावातली आठ-दहा माणसं, दोर आणि एक खाट. तासाभराने त्यांचा आवाज आला, "जित्ते हायेत, ताई. वर काढले." आम्ही सगळ्यांनी एकदमच बटण दाबून आरडाओरडा केला. एकदम बोललं की कुणाचंच कुणाला ऐकू येत नाही, हे आम्हाला पाठ आहे. पण त्या दिवशी भान कुणाला होतं? डॉक्टर म्हणाले, संध्याकाळपर्यंत तिथेच राहिले असते तर वाचले नसते.

पुढच्या रविवारी मी स्वतः त्या विहिरीत उतरले. काकांचाच सेट, टेकडीवरचा नॉब तसाच घट्ट. दुपारपर्यंत बटण दाबत होते, रिपीटर एकदाही उघडला नाही. काठावरूनही नाही. मग रिपीटरची त्या सकाळची नोंद काढली. दार उघडलं की तो वेळ टिपतो. माझी वेळ होती, दिनकरभाऊंची होती. मधे काकांची नोंदच नव्हती.

दवाखान्यात काकांना विचारलं, आवाज आला कसा?

"मले का माहीत? तू नाव घेतलं, मी हाजर म्हटलं. रोजच म्हणतो."

मला तोंड वर करून बघवेना. त्याच दिवशी टेकडीवर जाऊन नॉब ढिला केला.

उत्तर अजून सापडलेलं नाही. मास्तरीण म्हणून त्याची चुटपुट लागायला हवी, पण खरं सांगू, लागत नाही. परवा काका कुबडी टाकून बागेत चालले. दिनकरभाऊंनी रेडिओवर एकेक पाऊल मोजून सांगितलं. बाराव्या पावलाला मी स्वयंपाकघरात उभी राहून मोठ्याने रडले, हातातल्या सेटचं बटण दाबलेलंच होतं, आणि तेही सगळ्यांना ऐकू गेलं.