रेडिएटरमधली हळद

नोकरीत शेकडो तपास केले, निम्म्याहून जास्त विसरलो. पण जुन्या गाडीची ती एक तक्रार काही केल्या डोक्यातून जात नाही.

तेव्हा मी नवीन जालन्यातल्या ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपून स्टेशन डायरी बघत होतो, तेवढ्यात अंकुशनगरचं एक जोडपं आत आलं. नवरा साखर कारखान्यात वजनकाट्यावर कामाला. बायकोच्या दोन्ही किडन्या निकामी, आठवड्यातून दोनदा जालन्याला डायलिसिस. परतीच्या एसटीत त्यांना बसवत नसे, म्हणून नवऱ्याने आमच्या हद्दीतल्या एका डीलरकडून जुनी कार घेतली. दोन आठवड्यांत ती तीनदा रस्त्यातच तापून बंद पडली. तिसऱ्या वेळी डायलिसिसची वेळच हुकली आणि बाईंना दम लागून भरती करावं लागलं. डीलर म्हणे, 'जशी आहे तशी घेतली' असं लिहून दिलंय, आता माझा संबंध नाही.

"हा दिवाणी मामला आहे, ग्राहक मंचात जा," हे वाक्य माझ्या अगदी ओठावर आलं होतं. त्याआधी बाईच बोलल्या.

"साहेब, मशीनवर चार तास पडायची मला भीती न्हाई. ह्या गाडीत बसलं की जीव जातो माझा. आता पुढल्या खेपेला पोचलेच न्हाई तर?"

मी ते वाक्य गिळलं, तक्रार लिहून घेतली आणि आमच्या जीप दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्या मिस्त्रीचाचांना गाडी दाखवली. चाचांनी रेडिएटरचं झाकण काढलं, आत बोट फिरवलं. बोट पिवळं! त्यांनी ते हुंगलं आणि हसायलाच लागले.

"साहेब, हल्दी हाय ही. गळती दाबायला ड्रायव्हर लोक टाकतात. चार दिवस बिलकुल बराबर चालते, मंग फिरून तेच. इंजिन बी लई तापेल दिसून राह्यलं. ही बिमारी जुनी हाय."

जुनी असून भागत नाही. विकताना डीलरला ती ठाऊक होती आणि त्याने ती लपवली, हे दाखवता आलं तरच फसवणुकीचा गुन्हा उभा राहतो. डीलरला ठाण्यात बोलावलं. आरडाओरडा करणं माझ्या स्वभावात नाही. मी चहा देतो आणि तीच हकिकत तीनदा सांगायला लावतो. खोटं बोलणारा तिसऱ्या वेळी कुठेतरी घसरतो. हा पठ्ठ्या मात्र तिन्ही वेळा पाठ केल्यासारखा बोलला.

"हळदीचं मला काय माहीत साहेब? गिऱ्हाइकानंच रस्त्यात टाकली असंल. गाडी एका डॉक्टरकडून डायरेक्ट माझ्याकडं आली, माझ्याकडून ह्यांच्याकडं गेली. मधी कुणीच न्हाई. आरटीओत बघा ना!"

आरटीओत पाहिलं. गाडी अजून डॉक्टरच्याच नावावर होती. डॉक्टर म्हणाले, मी दिली तेव्हा ती ठणठणीत होती. झालं, तपास तिथेच अडकला.

दुसऱ्या दिवशी कागदपत्रं ताब्यात घ्यायला दोन पंच घेऊन मी त्याच्या दुकानात गेलो. तो चहा सांगत होता, मी भिंतीवरचे फोटो बघत उभा होतो. आपल्याकडे गाडी कोरी असो नाहीतर चौथ्या हातातली, हार-नारळाशिवाय दारातून हलत नाही. या गृहस्थाने प्रत्येक गिऱ्हाइकाचा तसा फोटो काढून भिंतीवर लावला होता. हार घातलेली गाडी, नटूनथटून आलेलं कुटुंब, आणि मधोमध थर्माकोलची भली मोठी किल्ली देणारा तो स्वतः. तिसऱ्या ओळीत माझी नजर थांबली. नंबर तक्रारीतल्याच गाडीचा होता. शेजारी उभा असलेला माणूस मात्र वेगळा, दोन मुलींसोबत.

"हे कोण?" मी विचारलं.

"गिऱ्हाईक हाय साहेब."

"कोणत्या गाडीचं?"

त्याने नंबर वाचला आणि स्टूल ओढून बसला. मग सगळं बाहेर आलं. पहिल्या गिऱ्हाइकाने गाडी तापते म्हणून आठ दिवसांत परत आणली होती. नावावर व्हायच्या आधीच ती परत आल्याने आरटीओत त्याचा मागमूस नव्हता. पुढचं गिऱ्हाईक यायच्या दिवशी हळद यानेच टाकली होती.

"अरे बाबा, मग फोटो कशाला ठेवलास?" मला राहवलंच नाही.

"भिंत भरेल दिसती ना साहेब, म्हणून ऱ्हाऊ दिला."

फोटोचा पंचनामा केला, गाडी जप्त केली, गुन्हा नोंदवला. डीलरने वकिलामार्फत मुकाट्याने पैसे परत केले. दुसरी गाडी चाचांनी पारखून दिली आणि बाई वेळेवर डायलिसिसला पोचू लागल्या. मी खूश होतो. खरं सांगायचं तर जरा जास्तच खूश होतो.

मग फोटोतला माणूस जबाब द्यायला आला. घनसावंगीकडचा शिक्षक. मी सहज म्हणालो, "गुरुजी, तेव्हाच आमच्याकडे यायचं ना."

"आल्तो की साहेब. ह्याच खोलीत आल्तो. तुम्ही मान वर न करता म्हणले, दिवाणी मामला हाय, मंचात जा. मंग काय, त्यानं पैसे कापून घेतले अन् मी गाडी देऊन टाकली."

मी अर्जांचं रजिस्टर मागवलं. नोंद होती. 'दिवाणी स्वरूप, अर्जदारास समज दिली.' खाली माझीच सही. मला माझीच लाज वाटली. त्या दिवशी मी दहा मिनिटं दिली असती, तर ती गाडी त्या बाईंच्या दारात गेलीच नसती. लोक ठाण्यात कलम घेऊन येत नाहीत, अडचण घेऊन येतात. कलम शोधणं आपलं काम असतं. हे मला इतक्या उशिरा कळलं.

जबाब लिहून घेणाऱ्या रायटरने नियमाप्रमाणे तो वाचून दाखवला. गुरुजी म्हणाले, "एक राह्यलं. मी आधी आल्तो, ते ह्यात न्हाई."

रायटर माझ्याकडे बघायला लागला.

"लिही," मी म्हणालो. "आणि कोणाला भेटले, त्याचं पदही लिही."