तेलाच्या डब्याची पट्टी

शिलाईच्या टेपनं मी रेसिंग सायकलचं हँडल मोजलं होतं. हसा, आधी हसून घ्या. पुढचं मात्र मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही — ना नवऱ्याला, ना पोरीला, ना विहारात डोळे मिटून बसते तेव्हा स्वतःला.

चामोर्शीत माझं शिलाईकाम. अर्ध्या गावाचे ब्लाऊज माझ्या हातचे, त्यामुळे चाळिशीतली मी म्हणजे — काय सांगू — मापाची महाराणी. आपला डोळा चुकत नाही हा माज. माझी प्रज्ञा तेव्हा सायकलच्या शर्यतीत उतरायची. जुनी सायकल, हँडल रुंद. आणि त्याला सायकलच्या मानेशी धरून ठेवणारा तुकडा, ज्याला स्टेम म्हणतात, तो लांब. वाकून वाकून पोरीचे खांदे भरून यायचे. मी म्हटलं, त्यात काय? लांब बाही आपण आखूड करतोच की.

चंद्रपूरला गेले. दुकानदार सांगत होता, दोन्ही जोडीनं घ्या, स्टेमची पकड आणि हँडलची जाडी एका मापाची पाहिजे. मला वाटलं, महागाचं गळ्यात मारतो. एका दुकानातून स्वस्तातलं हँडल घेतलं, दुसऱ्यातून त्याहून स्वस्त स्टेम. टेप लावून पाहिली, माप सारखंच. केसाएवढा फरक कापडाच्या टेपला कुठला दिसायला?

बसस्टँडजवळ रामदासभाऊंचं सायकलचं दुकान होतं. प्रज्ञाला पंक्चर काढायला त्यांनीच शिकवलं. शर्यतीआधी सायकल तेच तपासायचे. पोरीचा माझ्याहून जास्त भरोसा त्यांच्यावर. त्यांनी हँडल स्टेममध्ये घालून फिरवलं आणि दोन्ही परत माझ्या पिशवीत ठेवलं.

"हे एकमेकाचे नाई, बाई. स्टेम बदलून आना. असं म्या बसवून देनार नाई."

शर्यत परवावर. पुन्हा चंद्रपूरला जायचं आणि त्या दुकानदारापुढे चुकलं म्हणायचं? मी? कापड ढिलं बसलं की आतून अस्तर लावते. इथंही तेच केलं. तेलाच्या डब्याचा पत्रा जुन्या कात्रीनं कापला, पट्टी हँडलच्या मधोमध गुंडाळली, वरून स्टेम आवळलं. हलवून पाहिलं — हललं नाही. काय खूश झाले होते मी, शहाणी कुठची!

प्रज्ञानं विचारलं, कोणी बसवलं? मी म्हटलं, रामदासभाऊनं.

नाहीतर ती त्या सायकलवर बसलीच नसती. हे मला तेव्हाही कळत होतं.

शर्यत मूलच्या रस्त्यावर होती. शेवटाला पोर पेडलवर उभी राहिली, सगळा जोर लावून तिनं हँडल ओढलं — आणि ते तिच्या हातातच फिरलं. कोपरावर पडली ती, डांबरावर. सगळ्यांच्या आधी मी पोचले. लोक अजून सांगतात, माय कशी धावली म्हणून. धावले ना, पण कोणाकडे? सायकलकडे. पट्टी अर्धी बाहेर आली होती. ती मी उपटली, ब्लाऊजमध्ये खुपसली, आणि मग पोरीकडे वळले. बोटं कापली माझी. पोरीला उचलताना कापली, असं समजून बाया हळहळल्या. मी हळहळू दिलं.

तिचं कोपर आजही पूर्ण सरळ होत नाही. सायकल सुटली. पोलीस भरतीत जायचं म्हणायची, तेही सुटलं.

दवाखान्यात तिनं बापाला सांगितलं, हँडल रामदासकाकानं बसवलं होतं. बाप तसाच दुकानावर गेला, मागोमाग मी. चार लोकांत त्यानं भाऊंची कॉलर धरली. म्या नाई बसवलं — भाऊ एवढंच म्हणत राहिले. लोकांनी माझ्याकडे पाहिलं. मी पदर डोळ्याला लावला. खोटं बोलायचीही गरज पडली नाही. बाईमाणसाचा पदर किती कामाचा, नाही?

मग गिऱ्हाईक तुटत गेलं. प्रज्ञा दुकानासमोरून मान फिरवून जाऊ लागली. हिवाळा सरताना भाऊंनी दुकानाला कुलूप लावलं आणि मिरची तोडायला तेलंगणात गेले. तिथून परत आलेच नाहीत. तिकडेच वारल्याचं दोन वर्षांनी कानावर आलं.

आता प्रज्ञाची पोर सायकल मागते. प्रज्ञा तिला आपलं कोपर दाखवते आणि सांगते, दुसऱ्याच्या हातावर भरोसा ठेवू नको, एका माणसानं माझं असं केलं. मी तिथंच बसून भाजी निवडत असते. निवडतच राहते.

गाव सोडायच्या दिवशी भाऊ आमच्या फाटकाशी थांबले होते. मी मशीनवर होते, प्रज्ञा आत. मी मान वर केली नाही, त्यांनी आवाज चढवला नाही. ते बोलले, मी ऐकलं, आणि पाय पुन्हा मशीनवर टेकवला. ते म्हणाले होते —

"लोकाईचं जाऊ द्या, बाई. पोरीले तेवढं सांगून देजा."